चिठ्ठी कुणाची, हे शोधू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खासगी निवासी शाळेतून एका वॉर्डनताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या वसतिगृहात पाचवी ते दहावीच्या ६२ मुली राहतात. बहुतेक जणी कन्नड बोलणाऱ्या, वीसेक मराठी. त्यातल्या बऱ्याच जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांतून आलेल्या. मुलींना मनातलं सांगता यावं म्हणून ताईंनी जुलैमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर तक्रार पेटी लावून घेतली. दोन महिने ती रिकामीच राहिली. सप्टेंबरात पहिली चिठ्ठी पडली, मराठीत, बिननावाची: "रात्रीचा भात आंबूस येतोय. ताटांना साबण राहतोय. आम्ही शाळेत गेल्यावर मावशी ट्रंका उघडतात. घरी सांगू नका." मुख्याध्यापक ताईंना म्हणाले, "मराठीत आहे म्हणजे वीसच मुली. वह्या बघा आणि शोधून काढा." ताईंना वह्या बघायची गरजच पडली नाही. अक्षर त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. त्या विचारतात: नाव सांगू का? नाही सांगितलं तर नोकरीचं काय? आणि मी रात्रंदिवस या मुलींबरोबर असते, त्या मला अक्का म्हणतात, तरी एकीलाही माझ्याकडं येऊन बोलावंसं का वाटलं नाही?

ताई,

नाव सांगू नका. तुमच्या तीन प्रश्नांपैकी एवढ्या एकाच प्रश्नावर मला थांबून विचार करावा लागला नाही, म्हणून तो आधी घेतला.

मात्र मुख्याध्यापकांशी खोटंही बोलू नका. "अक्षर ओळखता येत नाही" म्हणालात तर उद्या ते स्वतः वह्यांचा गठ्ठा घेऊन बसतील. सरळ सांगा, "सर, ओळखलं तरी मी सांगणार नाही. ही पहिलीच चिठ्ठी आहे. हिचं पुढं काय होतं, ते सगळ्या मुली बघतायत."

त्या खरंच बघत असतात. मी सातवी ते दहावी बोर्डिंगात काढली. आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी मोडली होती. आतली मुलगी एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घ्यायची. आमच्यातल्या एकीनं धीर करून ते बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढं उभं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुला राजवाडा पाहिजे काय?" दोन दिवसांनी कडी बसली. तक्रारीचं काम झालं, असं वहीत लिहिता आलं असतं. पण मी तिथं असेपर्यंत पुढची तीन वर्षं कुणी कशाबद्दल तोंड उघडलं नाही. एका हिवाळ्यात धाकट्या मुली तापानं फणफणल्या होत्या, तरी आम्ही सकाळी "बरं आहे" म्हणून हजेरी देत होतो. तुमच्या मुख्याध्यापकांनी ती मुलगी शोधली आणि शिक्षा केली नाही, नुसतं बोलावून "काय गं, तू लिहिलंस?" एवढंच विचारलं, तरी परिणाम तोच होईल.

आता ती चिठ्ठी परत वाचू. चार वाक्यं आहेत आणि चारींचं वजन वेगळं आहे. भात आणि ताटं ही दोन दिवसांत निस्तरणारी कामं आहेत. रात्रीचा भात केव्हा शिजतो, किती वेळ झाकून राहतो, हे स्वतः उभं राहून बघा. पावसाळी दमट हवेत दुपारी शिजवून ठेवलेला भात रात्री आंबणारच. त्याच ताटातून तुम्हीही जेवा, वेगळ्या डब्यातून नको.

ट्रंकेचं वाक्य वेगळं आहे. बोर्डिंगातल्या मुलीला स्वतःची म्हणावी अशी एवढीच जागा असते: पत्र्याची एक ट्रंक आणि तिचं कुलूप. तिच्यात तिचे कपडे असतात, पॅड असतात, आईनं दिलेले वीस-तीस रुपये असतात. मावशी ती का उघडतात? चोरी होते का, की "मोबाईल शोधा" असा वरून आदेश आहे, की आणखी काही? हे मावशींना आणि व्यवस्थापनाला विचारायचं आहे. मुलींना एकेकीला बोलावून उलटतपासणी नको. ट्रंकांची झडती घ्यायचीच असेल तर मुलीसमोर, बाई माणसानं आणि कारण सांगून घ्यावी, असा लेखी नियम करून घ्या.

सगळ्यात जड वाक्य चौथं आहे. "घरी सांगू नका."

आपण मोठी माणसं समजतो की मूल घरी सांगत नाही, कारण ते घाबरतं किंवा लाजतं. असंही होतं. पण आपल्या भागातल्या मुलींना मी जेवढं ओळखते, त्यावरून मला वाटतं, ही मुलगी घराला सांभाळते आहे. बाप गोव्याला कामाला, आई रानात, पावसाळ्यात वाडीची बस बंद, फीसाठी सोसायटीचं नाहीतर पाहुण्याचं कर्ज. आंबूस भाताची गोष्ट घरी गेली तर आई रात्रभर जागणार. नाहीतर बाप येऊन म्हणणार, "चल घरी, नको ती शाळा." मग गावात सातवीच्या पुढं वर्ग नाही. मुलगी घरी बसली की वर्षा-दोन वर्षांत घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला हे सगळं ठाऊक आहे. तिला भात सुधारून पाहिजे, शाळा सोडायची नाहीये. चिठ्ठीत ती तुमच्यावर विश्वास टाकते आहे, त्या विश्वासाची हद्दही तिनंच आखून दिली आहे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नातलं गृहीतक मला थोडं हलवून बघायचं आहे. "माझ्याकडं का आली नाही?" ताई, ती तुमच्याकडंच आली. पेटी तुम्ही लावलीत, हे तिला माहीत आहे. फक्त तोंडानं बोलण्याइतकी वाट मोकळी नव्हती. तुम्ही तिची अक्का आहात, शिवाय हजेरी घेणाऱ्या, घरी फोन लावून देणाऱ्या आणि सुट्टीच्या अर्जावर सही करणाऱ्याही आहात. तुम्ही रागावलात तर तिला जायला दुसरी जागा नाही. घरच्या आईवर रुसून मूल शेजारच्या काकूकडं जाऊन बसतं. बोर्डिंगात शेजारची काकू नसते. ती तुम्हाला तयार करावी लागेल.

त्याआधी पेटीबद्दल. मुख्याध्यापकांच्या दाराबाहेरची पेटी म्हणजे चव्हाट्यावरची पेटी. तिथं चिठ्ठी टाकताना शिपाई बघतो, पालक बघतात, आणि वर कॅमेरा असेल तर तोही बघतो. पेटी मुलींच्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या जागेजवळ लावा, जिथं प्रत्येकीला दिवसातून दोनदा जावंच लागतं. बिननावाची चिठ्ठी निनावी राहते, हाही भ्रम आहे. ६२ मुलींच्या घरात मराठीतली चिठ्ठी म्हणजे निम्मं नाव लिहिल्यासारखंच. मुख्याध्यापकांनी ते लगेच ओळखलं. यावर एक साधा उपाय मी दोन वसतिगृहांत चाललेला पाहिला आहे. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकीला एकाच मापाचा कागद द्यायचा. प्रत्येकीनं तो घडी घालून पेटीत टाकायचाच. सांगण्यासारखं काही नसेल तर फूल काढा, बेरीज करा, कोरा टाका. सगळ्याच टाकतात तेव्हा टाकणारी वेगळी दिसत नाही. ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्यासाठी खुणा ठरवा: ताटाचं चित्र, खाटेचं चित्र, नळाचं चित्र, आणि "मला एकटीला बोलायचंय" यासाठी एक गोल. पहिल्या दोन शनिवारी नुसती फुलंच येतील. येऊ द्या.

पेटीच्या किल्ल्या दोन असाव्यात. एक तुमच्याकडं, दुसरी शाळेच्या पगारावर नसलेल्या बाईकडं. गावातल्या आशाताई, ग्रामपंचायतीतल्या एखाद्या सदस्या, निवृत्त शिक्षिका, नाहीतर जवळ राहणाऱ्या एखाद्या मुलीची आई. दोघींनी मिळून उघडायची. हीच ती शेजारची काकू. तिला महिन्यातून एकदा जेवायला बोलवा, पंगतीत मुलींच्या मध्ये बसवा. मुलींना तिचं तोंड ओळखीचं झालं की पुढचं आपोआप होतं.

आता भाषेचं बोलू. आपल्या भागात याशिवाय कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. पेटीवर तुम्ही काय लिहिलंय? "तक्रार पेटी" असेल तर तो शब्द आधी खोडा. कन्नडमध्येही तकरारु म्हणजे तंटा, आडकाठी. दोन्ही भाषांतल्या मुलीला तो भांडणाचाच शब्द वाटतो. चाडी हा शब्द तर दोन्हीकडं जसाच्या तसा आहे, आणि बोर्डिंगात "चाडी सांगणारी" हा ठपका मारापेक्षा वाईट. मुलींना एकदा बसवून दोन्ही भाषांत फरक सांगा: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं म्हणजे चाडी, आणि आपल्याला किंवा मैत्रिणीला त्रास होतोय तो थांबावा म्हणून सांगणं ही मदत मागणं. हा फरक पाचवीतल्या मुलीलाही लगेच कळतो. पेटीवर "अक्काला सांगायचंय" एवढंच लिहिलं तरी चालेल. अक्का शब्दाला दोन्ही भाषांत भाषांतर लागत नाही.

मुलगी त्रास सांगते ती घरच्या भाषेत. शाळेत ती कन्नडमध्ये गणित सोडवेल, प्रार्थना म्हणेल, पण पोटात कळ आली की "होट्टे नोवु" तिच्या तोंडात पटकन येत नाही, आणि रात्री वाटणारी भीती "हेदरिके" म्हणून सांगता येत नाही. तिला "भ्या वाटतंय" म्हणायचं असतं. जिथं वॉर्डन मराठी आणि मुली कन्नड, तिथं हेच उलट होतं. तुमच्या इथल्या चाळीस कन्नड मुलींकडून एकही चिठ्ठी आली नाही, याचाही विचार करा. त्या सुखात आहेत म्हणून, की पेटी मराठी अक्कानं लावली म्हणून? तुमच्या कन्नडबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. मोडकंतोडकं असेल तरी वापरा. मुली हसतील, दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता बोलायला लागतील.

याच्याच आत आणखी एक भीती आहे, ती मुलींनाही जाणवते. मराठी मुलीची तक्रार कन्नड आचाऱ्याबद्दल असली, किंवा उलट, तर भाताची गोष्ट भाताची राहत नाही. बाहेरची चार माणसं येतात, मोबाईलवर मजकूर फिरतो आणि बघता बघता तो सीमावाद होतो. तुमच्या मुख्याध्यापकांची घाई त्यातूनही आलेली असू शकते. त्यांना मी वाईट माणूस ठरवणार नाही. त्यांना वाटतंय की एक चिठ्ठी बाहेर गेली तर पुढच्या वर्षी प्रवेश थांबतील. त्यांच्याशी बोलताना हाच धागा धरा: आत ऐकलं गेलं तर बाहेर जायची वेळच येत नाही. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट आठवून द्या. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि त्यानंतर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून जैन बोर्डिंगमधून त्यांना काढलं. पुढं शाहू महाराजांचा आसरा मिळाला. ज्या मुलाला एका वसतिगृहानं नियम मोडला म्हणून बाहेर घातलं, त्यानंच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि गावोगावच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. बोलणारी मुलगी म्हणजे बिघडलेली मुलगी, असं सर समजत असतील तर ही गोष्ट त्यांच्याजवळ जरूर काढा.

नोकरीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. म्हणून जे कराल ते लिहून करा. मुख्याध्यापकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या: अमुक तारखेला चिठ्ठी आली, भाताबद्दल हे केलं, ताटांबद्दल हे केलं, ट्रंकांबाबत असा नियम सुचवते. पोच घ्या, प्रत स्वतःजवळ ठेवा. पत्रात मुलीचा शोध, अक्षर, भाषा यांचा उल्लेखही नको. तुमच्यावर दबाव आला तर आधी संस्थेच्या संचालक मंडळातल्या एखाद्या समजूतदार व्यक्तीशी बोला, नंतर खानापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, म्हणजे बीईओंकडं जा. मुलीला सगळ्यांसमोर उभं करायची गोष्ट निघाली तर शांतपणे सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं.

एका बाबतीत मात्र पायरी-पायरीनं जायचं नाही. ट्रंकेच्या चौकशीत, किंवा पुढं कधीही, कुणी अंगाला हात लावल्याचा, नको ते दाखवल्याचा, रात्री खोलीत आल्याचा नुसता सुगावा लागला तरी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. "आधी आपण आतच चौकशी करू", "शाळेचं नाव जाईल", ही कारणं तिथं चालत नाहीत. न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलीनं जेवढं सांगितलं तेवढं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. आणि "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तिला आधी देऊन बसू नका. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगीन" हे वचन द्या, ते पाळता येतं.

१०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तुमच्या भिंतीवर असेलच. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे, रात्रंदिवस आणि मोफत. पण मला सांगा, तुमची मुलगी तो नंबर लावणार कशावरून? वसतिगृहात फोन एकच, तोही तुमच्या खोलीत, तुमच्या हातात. जिन्याखाली किंवा व्हरांड्यात एक साधा फोन ठेवा, ज्यावरून १०९८ लावायला कुणाची परवानगी लागणार नाही. गंमत म्हणून मुली दोन-चारदा लावतील. त्यावर रागावू नका. तिकडच्या माणसांना याची सवय असते.

इथं मी थोडं पालकांशी बोलते, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेकांची लेकरं बोर्डिंगात आहेत. रविवारचा फोन सगळ्यांच्या देखत होतो. रांगेत मागं दहा जणी उभ्या, समोर वॉर्डन. तिथं "बरी हाईस न्हवं?" विचारलं तर "हां, बरं हाय" याशिवाय काय येणार? हो-नाहीत न संपणारं विचारा. रात्री शेजारी कोण झोपतं? काल भाजी कसली होती? कपडे वाळले का? आणि सुट्टीत घरी आलेल्या लेकीबरोबर एक खूण ठरवून ठेवा. कणकुंबीकडच्या एका आईनं मला सांगितलेली खूण मला फार आवडली: मुलीनं फोनवर "काळ्या गाईचं वासरू कसं हाय?" विचारलं की समजायचं, भेटायला या. त्यांच्याकडं काळी गाय नव्हतीच. ती खूण आली तर त्याच आठवड्यात जा, आणि गेल्यावर शाळेत ओरडा करायच्या आधी लेकीला विचारा, "तुला काय व्हायला पाहिजे?" ट्रंक उचलून घरी आणणं हा एकच उपाय नसतो. तो एकच आहे असं वाटतं, म्हणून तर मुली गप्प बसतात.

ताई, परत तुमच्याकडं. चिठ्ठीचं उत्तर द्या. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. जेवणाच्या खोलीत एक फळा ठेवा आणि दर सोमवारी दोन्ही भाषांत लिहा: काय विचारलं गेलं, काय केलं, काय जमणार नाही आणि का. "रात्रीचा भात आता सहानंतर शिजेल. ताटं दोन पाण्यांतून काढायची. ट्रंका मालकिणीशिवाय कुणी उघडणार नाही. गरम पाणी रोज जमणार नाही, सरपण पुरत नाही, रविवारी मिळेल." कारण सांगितलं तर मुली नकारही समजून घेतात. उत्तरच न येणं त्यांना सोसत नाही. ज्या मुलीचं अक्षर तुम्ही ओळखलंत, तिच्याकडं त्या दिवशी मुद्दाम बघू नका, हसू नका, जास्तीची पोळी वाढू नका. ती इतरांसारखीच फळा वाचून जाईल.

कर्नाटकात ग्रामपंचायती दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा घेतात. तुमच्या मोठ्या मुलींना तिथं घेऊन जा. वसतिगृहाजवळच्या रस्त्यावरचा दिवा, पाण्याची टाकी, असं काहीतरी त्यांनी तिथं उभं राहून मागावं. मोठ्यांसमोर मागायची सवय तिथं लागली तर ती घेऊनच मुली परत येतील.

त्याआधी दसऱ्याची सुट्टी आहे. सुट्टीनंतर दर वर्षी दोन-तीन मुली परत येत नाहीत. रजिस्टरवर "घरगुती कारण" लिहून आपण मोकळे होतो. या वर्षी ज्या येणार नाहीत त्यांच्या गावची बस धरा. फीचं किंवा हजेरीचं काही काढू नका. चुलीपाशी बसा, आईनं दिलेला चहा घ्या, आणि मुलगी गोठ्यात गेली तर तुम्हीही तिच्या मागून जा.